मोडशी, मरी आणि पटकी : जुन्या कागदांतील रोगनामांविषयीं कांहीं विचार

जुन्या दप्तरांत राजकारणाच्या मजकुराशेजारीं आजारपणाचा उल्लेख येतो, तो बहुधा एका शब्दाचा असतो. कोणी मोडशीनें वारला, अमक्या गांवीं मरी आली म्हणून कुळें परागंदा झालीं, लष्करांत जरीमरीचा उपद्रव झाला म्हणून मुक्काम हलविला. इतकें लिहून कारकून पुढच्या बाबीकडे वळतो. त्याला तें पुरेसें होतें, कारण ज्याला पत्र जावयाचें त्यानें तो रोग डोळ्यांनीं पाहिलेला असे. आपली गोष्ट तशी नाहीं. आपण तो कागद दोनतीनशें वर्षांनीं वाचतों, आणि शब्दाखालीं ‘मरी म्हणजे पटकी’ अशी टीप देऊन मोकळे होतों. प्रस्तुत लेखकानें एका खासगी रुमालांतील कागदाची नक्कल करतांना अशीच टीप दिली होती. पुढें तोच कागद पुन्हां हातीं आला तेव्हां ध्यानांत आलें कीं, दोन ओळी खालीं ‘ताप’ आणि ‘गांठ’ हे शब्द स्वच्छ लिहिलेले होते. ते मीं वाचले होते, उतरूनहि घेतले होते. पण त्यांचा अर्थ मनांत उतरला नव्हता. गांठ येऊन ताप भरणारा रोग पटकी नव्हे. ती चूक माझ्या एकट्याची असती तर लिहिण्याचें कारण नव्हतें. परंतु अशा एका टिपेवरून पुढचा लेखक साथींची जंत्री तयार करतो, आणि त्या जंत्रीवरून तिसरा सिद्धान्त मांडतो.

प्रथम ‘मोडशी’ हा शब्द घेऊं. आज घरोघरीं मोडशी म्हणजे अजीर्णाचा सामान्य विकार. लंघन केलें, आल्याचा रस घेतला कीं बरा होणारा. कागदांत ‘मोडशी जाहली’ असें दिसलें तर वाचक तें तितक्याच सहजतेनें घेतो. परंतु चारशें वर्षांपूर्वीं कोंकणपट्टींत ह्याच शब्दाचा धाक होता, व त्यास परकीयांची लेखी साक्ष आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य इ. स. १५३४ मध्यें हिंदुस्थानांत आला व गोव्यास राहिला. त्याचा औषधींवरील संवादात्मक ग्रंथ गोव्यांतच इ. स. १५६३ (शके १४८५) मध्यें छापून निघाला. गोव्यांत छापखाना येऊन तेव्हां उणींपुरीं सात वर्षें झालीं होतीं. ग्रंथांत छापण्याच्या चुका इतक्या आहेत कीं शुद्धिपत्रच पानेंच्या पानें झालें आहे. मूळ आवृत्तीच्या प्रती आज अत्यंत दुर्मिळ आहेत, हें संग्राहकांस सांगावयास नकोच. ह्या ग्रंथाच्या सतराव्या संवादांत, कोष्ठ नामक औषधीची चर्चा चालू असतां, एका रोग्याकडून बोलावणें येतें आणि वैद्य आपल्या पाहुण्यास घेऊन तिकडे जातो. त्या रोगाचें नांव ओर्ता तीन प्रकारें देतो : युरोपीय वैद्यांचें कॉलेरिका पासिओ; अरबांचें हैजा ह्या शब्दाशीं जुळणारें; आणि येथील लोकांचें ‘मोर्शी’, ज्याचा अपभ्रंश करून पोर्तुगीज लोक ‘मोर्देशी’ म्हणत. हीच आपली मोडशी. यूल व बर्नेल ह्यांनीं आपल्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशांत ह्या शब्दाचा माग काढून तो मराठी ‘मोडणें’ ह्या धातूपर्यंत नेऊन पोहोंचविला आहे. फ्रेंचांनीं पुढें त्याच मोर्देशीचें ‘मोर-द-श्यँ’, म्हणजे कुत्र्याची मौत, असें रूप केलें. शब्दांची अशी विटंबना पाहून हंसूं येतें, पण त्या रोगानें मरणाराची अवस्था पाहिलेल्या माणसास तें नांव विनोदानें सुचलें नसावें.

ओर्ता जीं लक्षणें देतो तीं लक्षपूर्वक पाहण्यासारखीं आहेत. नाडी अगदीं क्षीण, अंग थंड, थंड घाम, तहान अनावर, डोळे खोल गेलेले, हातापायांस वांब, वांति आणि रेच. बहुधा चोवीस तासांच्या आंत रोगी जातो. दहा तासांत गेलेलेहि त्यानें पाहिले होते. जोर जून व जुलै ह्या महिन्यांत अधिक. कारण म्हणून तो अतिभोजनाकडे बोट दाखवितो. येथील वैद्यांचा उपचार म्हणून तो तांदुळाच्या पेजेंत मिरें व जिरें घालून देणें आणि पायांस डाग देणें ह्या गोष्टी नमूद करतो. शंभर वर्षांनंतर गोव्यांत राहिलेला फ्रेंच वैद्य डेलॉन हाहि टांचेस तापलेल्या लोखंडाचा डाग देण्याचा उपाय वर्णितो. अर्थात् परंपरा अखंड होती.

ओर्ताच्या ग्रंथाच्या वीस वर्षें आधीं, इ. स. १५४३ मध्यें, गोव्यांत ह्याच रोगाची मोठी साथ आली होती. तिचें वर्णन गास्पार कोरिया ह्यानें आपल्या बखरवजा इतिहासांत केलें आहे. हा गृहस्थ इ. स. १५१२ पासून हिंदुस्थानांत होता. त्याचें हस्तलिखित तीनशें वर्षें तसेंच पडून होतें आणि लिस्बनमध्यें १८५८ पासून पुढें छापलें गेलें. तो रोगाचें नांव ‘मोरेशी’ असें देतो. अंगावर पिणाऱ्या मुलापासून ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यापर्यंत सर्वांस तो धरी; विषबाधा झाल्यासारखी वांति, पाण्याची हांव, पोटऱ्या व तळपाय आंखडून जाणें, डोळे विझलेले, हातापायांचीं नखें काळीं पडून चुरमुडलेलीं. दररोज इतकीं प्रेतें निघूं लागलीं कीं गव्हर्नरनें चर्चच्या घंटा वाजविण्यास मनाई केली. लोकांचा धीर सुटूं नये म्हणून.

हें वर्णन विश्वसनीय मानावें कीं नाहीं? येथें जंतुशास्त्राचें साहाय्य होतें, आणि तें दोन्ही बाजूंनीं होतें. त्यासाठीं त्या शास्त्रांतील मूलभूत गोष्ट थोडक्यांत सांगितली पाहिजे. इ. स. १८७६ मध्यें रॉबर्ट कॉख ह्या जर्मन वैद्यानें गुरांच्या एका रोगाचा जंतु वेगळा काढून दाखविला, १८८२ त क्षयाचा, आणि १८८३-८४ त प्रथम इजिप्तांत व नंतर कलकत्त्यांत पटकीचा. तेव्हांपासून रोगाची ओळख लक्षणांवरून नव्हे, तर त्यास उत्पन्न करणाऱ्या जीवावरून होऊं लागली. त्यापूर्वीं आयुर्वेदांत काय किंवा युरोपांत काय, रोग म्हणजे लक्षणांचा समूह. सुश्रुतानें विसूचिका हें नांव सुई टोंचल्यासारख्या वेदनेवरून दिलें आहे व तिचें मूळ अजीर्णांत मानलें आहे. अशा व्यवस्थेंत साधें अजीर्ण आणि प्राणघातक साथ एकाच नांवाखालीं येणें हा अज्ञानाचा प्रकार नसून त्या पद्धतीचा स्वाभाविक परिणाम आहे. ‘हा नक्की कोणता रोग?’ हा जो प्रश्न आपण जुन्या कारकुनास विचारतों, तो प्रश्नच मुळीं १८७६ नंतरचा आहे. त्यानें उत्तर दिलें नाहीं म्हणून त्यास दोष देतां येत नाहीं.

पटकीचा जंतु एका मिलिमीटरच्या सुमारें पांचशेंव्या हिश्शाइतका लांब, किंचित् वांकलेला, स्वल्पविरामाच्या चिन्हासारखा असतो. कॉखच्या आधीं तीस वर्षें, १८५४ त, फ्लॉरेन्सच्या फिलिप्पो पाचिनीनें तो सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला होता, पण कोणी लक्ष दिलें नाहीं. त्याच वर्षीं लंडनमध्यें जॉन स्नो ह्यानें, जंतु न पाहतांच, मृतांच्या घरांवरून एका पंपाच्या पाण्यावर आरोप ठेविला आणि त्या पंपाचा दांडा काढावयास लाविला. हें काम इतिहाससंशोधकाच्या कामासारखेंच होतें. त्याच्यापुढें नांवें, पत्ते आणि तारखा एवढेंच साहित्य होतें. कॉखला कलकत्त्यास एका तळ्याच्या पाण्यांत हा जंतु सांपडला. येथील इंग्रज सरकारचे वैद्यकीय अधिकारी मात्र पुढें कित्येक वर्षें हवा आणि ऋतु ह्यांनाच दोष देत राहिले.

जंतु पोटांत गेला म्हणजे तो रक्तांत शिरत नाहीं. लहान आंतड्याच्या अस्तरास चिकटून तेथेंच एक विष सोडतो. त्या विषानें आंतड्याच्या पेशी शरीरांतील क्षार व पाणी बाहेर ओतूं लागतात. तीव्र रोग्याचें तासाला एक लिटरपर्यंत पाणी जातें. हें विष जंतूंपासून वेगळें काढूनहि तोच परिणाम घडवितें, हें कलकत्त्याच्या शंभुनाथ दे ह्यांनीं १९५९ त सिद्ध केलें. एवढें समजलें म्हणजे कोरियाच्या नोंदीचा अर्थ उलगडतो. पाणी गेलें म्हणून डोळे खोल, बोटें सुरकुतलेलीं, नखें काळीं-निळीं. क्षार गेले म्हणून पोटऱ्यांस वांब. रक्त घट्ट होऊन फिरेनासें झालें म्हणून नाडी लागेना व अंग थंड. ताप नाहीं. हीं लक्षणें एकमेकांस बांधलेलीं आहेत, आणि ज्यानें तो रोगी पाहिला नाहीं त्यास तीं अशीं एकत्र सुचणार नाहींत. मला तर नखांच्या त्या एका तपशिलावरूनच कोरिया प्रत्यक्षदर्शी वाटतो.

परंतु तोच कोरिया पुढें सांगतो कीं हा रोग पाळीव जनावरांस आणि कोंबड्यांसहि झाला. येथें शास्त्र त्याच्या विरुद्ध जातें. पटकीची साथ माणसांत पसरते. कोंबड्या तिनें मरत नाहींत. मग हें वाक्य कसें घ्यावें? एक तर महामारीचें वर्णन करतांना ‘सर्व सजीव मात्र’ असें म्हणण्याची जी जुनी लेखनरीति, तिला हा लेखक बळी पडला. किंवा त्याच पावसाळ्यांत कोंबड्यांची निराळी मर चालू होती व लोकांनीं दोन्हींस एकच नांव दिलें. दुसरी गोष्ट अशक्य नाहीं. आपल्याकडे ‘मानमोडी’ हें नांव कोंबड्यांच्या राणीखेत रोगासहि आहे, आणि १९१८ च्या इन्फ्ल्युएंझाच्या साथीसहि लोकांनीं तेंच दिलें होतें. दोन्ही रोग विषाणूंचे, पण एकमेकांशीं संबंध नसलेले. साथीचें नांव माणसें रोगाच्या जातीवरून ठेवीत नाहींत, मरणाच्या तऱ्हेवरून ठेवतात.

ओर्तानें अतिभोजनाचें जें कारण सांगितलें त्याविषयींहि थोडें लिहिणें जरूर आहे, कारण आधुनिक वाचक तें हंसण्यावारी नेतो. पटकीचा जंतु जठरांतील अम्लानें मरतो. निकोप, रिकाम्या जठरांतून पार पडावयाचें तर कोट्यवधि जंतु लागतात. परंतु पोट अन्नानें भरलेलें असलें किंवा अम्ल मंद असलें तर त्याहून पुष्कळ कमी जंतूंनीं काम भागतें. म्हणजे अजीर्ण हें पटकीचें कारण नसलें तरी तिला दार उघडून देणारें खरें. विसूचिका आणि मोडशी ह्या दोन्ही शब्दांचा अजीर्णाशीं असलेला संबंध अगदींच निराधार नव्हता. आणि ती मिरें-जिरें घातलेली पेज? आज पटकीवर जो मुख्य उपाय, तो मीठ आणि साखर मिसळलेलें पाणी पाजीत राहण्याचा. साखरेऐवजीं तांदुळाची पेज वापरली तरी तो चालतो. १९७१ त बांगला देशच्या निर्वासितांच्या बनगांव येथील छावणींत दिलीप महालनबीस ह्यांनीं हें पाणी पिंपांतून वांटलें, तेव्हां मृत्यूंचें प्रमाण शेंकडा तीसच्या आसपास होतें तें चारच्या खालीं आलें. पायास दिलेल्या डागाचा मात्र रोग्यास यातनेपलीकडे कांहीं लाभ झाला असेल असें वाटत नाहीं.

आतां ‘मरी’कडे वळूं. हा शब्द सर्वांत फसवा आहे, कारण तो कोणत्याहि मोठ्या साथीस लागतो. मरीआईचा गाडा गांवाच्या शिवेबाहेर नेऊन सोडीत, तेव्हां त्यांत रोगाची जात विचारली जात नसे. अशा ठिकाणीं शब्दाभोंवतालचा मजकूर हाच आधार. खाफीखानानें आपल्या तवारिखेंत इ. स. १६८८-८९ मधील विजापूरच्या साथीचें जें वर्णन केलें आहे त्यांत कांखेंत, कानामागें किंवा जांघेंत गांठ आणि तीव्र ताप येतो. ह्या दोन खुणांवरून ती ग्रंथिज्वराची साथ होती ह्याविषयीं शंका राहत नाहीं. ह्याच साथींत औरंगजेबाची बेगम औरंगाबादी महल विजापुरास वारली, आणि फिरोजजंगाचे डोळे गेले. संभाजी महाराज पकडले गेले ते ह्याच वेळीं, फेब्रुवारी १६८९ त. मोगली छावणीची तेव्हांची अवस्था लिहितांना ह्या रोगाचा विचार आपल्या इतिहासकारांनीं जितका करावयास पाहिजे तितका केलेला नाहीं. जहांगीर बादशहानें आपल्या आत्मचरित्रांत उंदराची जी हकीकत लिहिली आहे तीहि अशीच : उंदीर घरांत झिंगल्यासारखा येऊन पडतो, मांजर त्यास धरून सोडतें, आणि पुढें घरांतील माणसें आजारी पडतात. लिहिणारास त्यांतला कार्यकारणभाव ठाऊक नव्हता. ग्रंथिज्वराचा जंतु येर्सिन ह्यानें १८९४ त हाँगकाँगला शोधला, आणि उंदरावरील पिसवा तो माणसांत आणतात हें सिमाँ ह्यानें १८९८ त कराचीस दाखविलें. बादशहाची नोंद त्याच्या पावणेतीनशें वर्षें आधींची.

क्षयाच्या बाबतींत आपण अधिक निर्धास्त असतों. थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं थेऊर येथें राजयक्ष्म्यानें वारले, ह्या विधानांतील रोगनाम आजच्या क्षयाशीं सहज जुळतें. दीर्घ झिजणें इतर रोगांत असें क्वचित्. देवीचेंहि तसेंच, अंगावरील वण खोटें बोलत नाहींत. घोटाळा आहे तो झपाट्यानें मारणाऱ्या साथींचा.

त्यांतला मुख्य वाद असा : पटकी आपल्या देशांत इ. स. १८१७ (शके १७३९) मध्यें नव्यानें उपजली, कीं पूर्वींपासून होती? जसोर येथें ऑगस्ट १८१७ त ती प्रथम नजरेस आली आणि नोव्हेंबरांत बुंदेलखंडांत लॉर्ड हेस्टिंग्ज ह्याच्या छावणींत शिरली. पेंढाऱ्यांवर म्हणून जमविलेली ती फौज. त्याच महिन्याच्या ५ तारखेस इकडे खडकीची लढाई झाली. इंग्रजांच्या मुख्य सैन्याचे हजारों लोक, त्यांत बहुतेक बाजारबुणगे, थोड्याच दिवसांत गेले, आणि सेनापतीस मुक्काम हलवावा लागला. पुढच्या वर्षीं जूनमध्यें बाजीराव मालकमच्या स्वाधीन झाला, आणि त्याच पावसाळ्यांत पटकी दक्षिणेंत उतरली. ऑगस्ट १८१८ त ती मुंबईस पोहोंचली. मुंबईच्या वैद्यकीय मंडळानें १८१९ त छापलेल्या वृत्तांतांत ती हमरस्त्यांनीं, माणसांच्या रहदारीबरोबर पसरते असें निरीक्षण आहे. कलकत्त्यास जेम्सन ह्यानें १८२० त छापलेल्या वृत्तांताचा कल मात्र हवामानाकडे आहे. आज दोहोंपैकीं मुंबईकरांचें म्हणणें अधिक बरोबर ठरलें आहे.

१८१७ ची पटकी ‘नवी’ हें मत त्या वेळच्या युरोपीय डॉक्टरांनीं पसरविलें. परंतु मार्च १७८१ मध्यें कर्नल पिअर्सची बंगाली पलटणें नागपूरकर भोसल्यांच्या कटक प्रांतांतून मद्रासकडे जात असतां गंजम येथें अशाच रोगानें कोलमडलीं. १७८३ त हरिद्वारच्या मेळ्यांत आठवड्याभरांत वीस हजार माणसें गेल्याचें लिहिलेलें आढळतें. आणि त्याच्या मागें गोव्याची साक्ष आहेच. माझ्या मतें १८१७ त नवें होतें तें रोगाचें अस्तित्व नव्हे, त्याचा विस्तार. खाडीच्या निमखाऱ्या पाण्यांत हा जंतु माणसाशिवायहि राहूं शकतो. बंगालच्या मुखप्रदेशांत त्याचें ठाणें जुनें असावें. त्याला तेथून उचलून देशभर नेणारी वाहतूक, म्हणजे मोठ्या फौजा, त्यांचे बाजार व जहाजें, ही त्या काळांत वाढली.

तरीहि येथें हात आंखडता घ्यावा लागतो. पटकीसारखींच लक्षणें उत्पन्न करणारे दुसरेहि आंतड्यांतील जंतु आहेत. शिवाय पटकीच्या जंतूचें विष हें मूळचें त्याचें नव्हे. त्या विषाचें बीज एक जंतुभक्षक विषाणु त्याच्यांत आणून ठेवतो, असें १९९६ त उघडकीस आलें. म्हणजे आज निरुपद्रवी असलेला जंतु उद्यां मारक होऊं शकतो, आणि १५४३ चा जंतु तंतोतंत १८१७ चाच असेल अशी शपथ कोणास घेतां येणार नाहीं. युरोपांत चौदाव्या शतकांतील महामारीनें मेलेल्यांचे दांत थडग्यांतून काढून त्यांतून ग्रंथिज्वराच्या जंतूचें बीजद्रव्य मिळविण्यांत आलें आहे. पटकीचा जुन्यांत जुना असा पुरावा फिलाडेल्फियाच्या एका संग्रहालयांत बरणींत ठेवलेल्या, १८४९ त मेलेल्या रोग्याच्या आंतड्याचा आहे. त्याची तपासणी २०१४ त प्रसिद्ध झाली. आपल्याकडे बहुसंख्य लोक प्रेतें दहन करतात. थडगें नाहीं, दांत नाहींत. १८१७ च्या आधींच्या मोडशीविषयीं जें काय कळावयाचें तें कागदांतूनच कळणार.

आणि नेमके तेच कागद नाहींसे होत आहेत. संग्राहक सनदा, महजर, स्वदस्तुरचीं पत्रें जपतो. औषधांच्या याद्या, वैद्यांच्या चिठ्या, घरखर्चाच्या वह्या, सुतक-श्राद्धाचीं टांचणें हीं ‘किरकोळ’ म्हणून बाजूला पडतात. एका वाड्यांत जुन्या बाडाचीं पानें पुड्या बांधण्यासाठीं फाडलेलीं मीं पाहिलीं. उरलेल्या तुकड्यांवर काढ्यांचीं मापें होतीं. एकाच घरांत एका पंधरवड्यांत पडलेलीं चार सुतकें आषाढांत आहेत कीं माघांत, ह्यावरून जें अनुमान निघतें तें एखाद्या मोठ्या खलित्यावरून निघत नाहीं.

म्हणून वाचकांस विनंति कीं, शके १७३९ च्या पूर्वींच्या कोणत्याहि कागदांत मोडशी, मरी, जरीमरी, वाखा किंवा पटकी ह्यांपैकीं एखादा शब्द आढळल्यास त्याची नक्कल पुढील मागील ओळींसह करावी. महिना व तिथि, गांवाचें नांव, किती दिवसांत किती माणसें गेलीं, ताप किंवा गांठ ह्यांचा उल्लेख आहे कीं नाहीं, जनावरांविषयीं कांहीं लिहिलें आहे काय, आणि पाणी विहिरीचें, नदीचें कीं तळ्याचें, हें मिळेल तेवढें टिपावें. मूळ लेखन शुद्ध करूं नये. ‘मोडसी’, ‘मोडवशी’ अशीं रूपें असल्यास तशींच उतरावीं, आणि त्यांखालीं कोणत्याहि इंग्रजी रोगाचें नांव लिहूं नये.